यजमान भारत विरुद्ध आठ जावई

आशियाई स्पर्धा सुरू असल्या की आमच्या घरात दोन आठवडे माझ्याशी कोणी बोलत नाही, कारण मी टीव्हीशी बोलत असतो. पदकतालिका मी वहीत उतरवतो, रोज संध्याकाळी बेरीज करतो आणि हरणाऱ्या खेळाडूंना सोफ्यावरून मोलाच्या सूचना देतो. यजमान देशाला हमखास पदकं मिळतात, हा माझा सिद्धांत. मैदान घरचं, जेवण घरचं, ओरडणारे लोकही घरचेच, मग हरायचं कसं? माझी बायको मनीषा म्हणते की हा माणूस आयुष्यात फक्त दूध उतू जाताना धावलाय.

त्यामुळे डिसेंबरात वैशालीचा फोन आला तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. वैशाली म्हणजे माझी मेहुणी, मनीषाची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडून ती गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीच्या पलीकडे मोहगुडा नावाच्या गावी आरोग्यसेविका म्हणून गेली. तिकडच्या दहा गावांचे दरवर्षी धान निघालं की तीन दिवस खेळ असतात. फार पूर्वी एका गुरुजींनी हे खेळ सुरू केले, तेव्हा शाळेत आशियाचा तेवढा एक नकाशा धड उरला होता. म्हणून त्यांनी गावांना देश वाटून दिले. ज्या गावात खेळ भरतात ते गाव त्या वर्षी भारत, आणि बाकीची नऊ गावं चिठ्ठ्या उचलून जपान, इराण, नेपाळ असं काहीबाही होतात. दहा वर्षांनी यंदा मोहगुड्याची पाळी आली होती.

"जिजाजी, आमी यंदा भारत हाव," वैशाली म्हणाली. "सोफ्यावरून उठा न् इकडं या. काऊन नाई येत?"

मनीषाला विचारलं तर तिनं बँकेत तिमाहीअखेरीची कामं असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. पण सहा वर्षांत ती एकदाही बहिणीकडे गेली नव्हती, आणि त्या सहाही वर्षांत काही तिमाहीअखेर बाराही महिने चालू नव्हती. वैशालीनं नोकरी सोडली तेव्हा दोघींत जे बोलणं झालं, त्यानंतर त्या फोनवर फक्त आईच्या तब्येतीबद्दल बोलत. मी हा विषय काढत नाही, मला घरात राहायचं असतं.

तर मी एकटाच निघालो.

पुण्याहून रेल्वेनं रात्रभर आणि वर अर्धा दिवस बसून बल्लारशाला उतरलो, तिथून चंद्रपूरला सासुरवाडीत एक मुक्काम. जाणाऱ्यांनी चंद्रपुरात सकाळचा तर्री-पोहा चुकवू नये, आणि पहिल्यांदा खात असाल तर तर्री वेगळ्या वाटीत मागावी. मी हे दर वेळी विसरतो. नाक पुसत पुसतच घुग्घुसला गेलो, कारण खेळाडूंच्या बनियनींची गाठोडी तिथल्या अन्वरभाई टेलरकडून उचलून आणायचं काम वैशालीनं माझ्यावर टाकलं होतं.

घुग्घुसचा रस्ता म्हणजे कोळशाचे ट्रक, सिमेंटची धूळ आणि पाळी संपवून मोटरसायकलवर घरी निघालेली माणसं. अन्वरभाईंचं दुकान रस्त्यालगतच आहे. साठीचे, बारीक, गळ्यात फीत. दहा देशांच्या दहा रंगांच्या बनियनी त्यांनी शिवल्या होत्या, त्यात पांढरा रंग एकही नव्हता. या गावात पांढरं कापड सकाळी शिवायला घेतलं की दुपारी राखाडी होतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग दुकानाचं शटर ओढलं, बाहेर बांधून ठेवलेलं हातानं फिरवायचं शिलाई मशीन उचललं आणि माझ्या पुढे चालू लागले. मला कळेना. ते म्हणाले, मी पण येतो, पंच मीच आहे.

गोंडपिपरी-आष्टीमार्गे आलापल्लीला जाणाऱ्या एसटीत चार तास आम्ही शेजारी बसलो. मशीन माझ्या मांडीवर होतं. एक टेलर पंच कसा, हे मला तिथं समजलं. या दहा गावांत सगळे एकमेकांचे सोयरे. इकडची मुलगी तिकडे, तिकडची इकडे. कोणाच्याही हाती शिट्टी दिली तरी तो कोणाचा तरी साळा, मामा नाहीतर व्याही निघतो, आणि मग निकालावरून पुढच्या लग्नापर्यंत भांडण चालतं.

"पुऱ्या इलाक्यात माझं कोणीच सोयरं नाई," अन्वरभाई म्हणाले. "म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात."

वैनगंगेचा पूल ओलांडला की जंगल सुरू होतं. रस्ता मात्र सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी असा खाल्लाय की ड्रायव्हर रस्त्याच्या कडेनं चालवतो आणि कधीमधी खड्डा चुकवायला रस्त्यावर येतो. पाठीचं दुखणं असलेल्यांनी मागच्या सीटवर बसू नये. आलापल्लीचे साग उंच आणि सरळ आहेत, तिथं चहाला गाडी थांबते तेव्हा मान वर करून बघून घ्यावेत. चहा दहा रुपये, भजी बरी. पुढं एटापल्लीपर्यंत दुसरी गाडी, तिथून काळी-पिवळी जीप, आणि शेवटचे काही किलोमीटर वैशालीच्या स्कूटीवर मी, माझी बॅग आणि इराणच्या बनियनी. मशीन अन्वरभाईंनी जीपवाल्याला विनवून पुढे नेलं. तिकिटांचा एका बाजूचा सगळा खर्च चंद्रपूरपासून चारशेच्या आत झाला.

मोहगुडा म्हणजे मोहाच्या झाडांखाली पांगलेली पन्नासेक घरं. अंगणं शेणानं सारवलेली, कुंपणं बांबूची. वैशालीचं उपकेंद्र गावाच्या तोंडाशीच, दोन खोल्यांचं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात अर्धं गाव जमलं होतं, आणि मी स्कूटीवरून पाय खाली ठेवायच्या आत कोणीतरी पितळी परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आलं.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सहा वर्षांत वैशालीनं या गावातली बहुतेक बाळंतपणं केलीत. गाव तिला लेक मानतं. ती लेक, म्हणजे तिची मोठी बहीण पण गावाची लेक. आणि त्या बहिणीचा नवरा, म्हणजे पुण्याहून धुळीनं माखून आलेला, पोट सुटलेला मी, हा गावाचा जावई. माझे पाय धुतले गेले. माझ्याच आईनं कधी माझे पाय धुतले नव्हते, उलट चिखलाचे पाय घेऊन आलो की घराबाहेर उभं करायची. मी संकोचानं नको नको म्हणत होतो आणि दुसरा पाय पुढं करत होतो.

पाय धुणाऱ्या बाई म्हणजे बुधनीबाई. सत्तरीच्या पुढच्या, गोंदलेले हात, आवाज असा की शेतातल्या माणसाला घरातून जेवायला बोलवता यावं. "जोहार, जवाईबापू," म्हणाल्या आणि मला वरपासून खालपर्यंत बघून वैशालीला गोंडीत काहीतरी विचारलं. वैशालीनं सांगितलं, की हा खेळायला आला आहे का, असं त्या विचारतायत. मी हसलो. त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ सुरू झाले. मैदान म्हणजे धान कापलेलं मोठं शेत. देशोदेशीचे संघ रंगीत बनियनी घालून आले, आणि अन्वरभाई मोहाखाली मशीन मांडून कोणाची ढगळ बनियन आवळून दे, कोणाची फाडून जोड दे, असं करत बसले. पदकं बांबूच्या कड्यांची. सोन्याला हळद, चांदीला चुना, कांस्याला गेरू. आणि जो देश जिंकेल त्याचं राष्ट्रगीत व्हायचं. राष्ट्रगीत म्हणजे त्या गावाचा स्वतःचा रेला, म्हणजे गोल करून हातात हात गुंफून नाचत म्हणायचं गाणं. प्रत्येक गावाचा वेगळा.

मी वही काढली. सकाळी अकरापर्यंत माझ्या सिद्धांताचा निकाल लागला होता.

पहिली धनुष्यबाणाची स्पर्धा. मोहगुड्याचा डोलू हा म्हणे इलाक्यातला सर्वांत चांगला नेमबाज. स्पर्धेच्या आधी नेपाळच्या एका पाहुण्यानं त्याच्या धनुष्याची तारीफ केली. यजमानानं पाहुण्याला आवडलेली वस्तू स्वतःकडे कशी ठेवायची? डोलूनं धनुष्य त्याला देऊन टाकलं आणि स्वतः दुसऱ्याच्या उसन्या धनुष्यावर नेम धरला. नेपाळला सुवर्ण. मग बायकांची धावण्याची शर्यत. भारताची मुलगी पहिली होती, शेवटच्या वळणावर इराणची मुलगी पडली, तर ही मागे फिरली, तिला उठवलं, पदर झटकून दिला आणि पाणी हवंय का विचारलं. तेवढ्यात बाकीच्या आठ जणी पुढं निघून गेल्या. त्यातून यजमानांनी पाहुण्यांच्या आधी जेवायचं नाही, आणि पाहुणे तर पहाटेपासून येतच होते. भारताचे सगळे खेळाडू उपाशीपोटी, अंगाला चुलीचा वास घेऊन, वाढण्याची पळी बाजूला ठेवून मैदानात उतरत आणि हरून परत वाढायला जात.

मी वहीत लिहिलं, यजमान भारत शून्य.

दुपारी पंगती बसल्या, प्रत्येक देशाची वेगळी. मला सावली दिसली तिथं जाऊन मी बसलो. भात, बरबटीची, म्हणजे चवळीच्या शेंगांची भाजी, नदीची छोटी मासळी आणि लाल मुंग्यांची चटणी. चटणीबद्दल एवढंच सांगतो की ती आंबट असते, चांगली असते आणि खाऊन झाल्यावर कशाची ते विचारावं. शेजारी बसलेले मनकूभाऊ हे जपानचे कप्तान. पंचेचाळिशीचे, मिश्किल. त्यांनी स्वतः मला तिथं चटई टाकून दिली होती, दोनदा भात घ्यायला लावला होता. मी हात धुतल्यावर त्यांनी गाठोड्यातून एक पिवळी बनियन काढून माझ्या खांद्यावर टाकली.

नियम असा निघाला, की बाहेरचा माणूस पहिल्यांदा ज्या देशाच्या पंगतीत जेवला, तो त्या देशाचा. मी जपानचा झालो होतो. चूक माझी होती, सावलीला भुललो. पण मनकूभाऊंनी ती चटई उगीच टाकली नव्हती. मी अन्वरभाईंकडे दाद मागितली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं की भात खाल्ला का. खाल्ला होता. मग विषयच मिटला.

खेळांच्या दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कबड्डी खेळलो, आणि काय सांगू, मी अफाट खेळलो. भारताच्या बाजूला श्वास रोखून घुसलो, तर सात धिप्पाड पोरं भिंतीसारखी मागे सरकली. मी एकाला हात लावला. त्यानं मान झुकवली. दुसऱ्याला लावला, तो अदबीनं बाजूला झाला. एकजण माझ्या पायांकडे झेपावल्यासारखा झाला आणि अर्ध्यात थबकून हात जोडून उभा राहिला. चार गडी बाद करून मी धापा टाकत परत आलो तर जपानी प्रेक्षक नाचत होते. दुसऱ्या चढाईत मी तीन घेतले. आम्हाला सुवर्णपदक मिळालं. गळ्यात हळदीची कडी घालून मी उपकेंद्राच्या अंगणात आलो आणि वैशालीला म्हणालो, की तुझ्या बहिणीला व्हिडिओ पाठव, म्हणावं बघ.

वैशाली गोळ्यांची पाकिटं लावत होती. ती हसली नाही.

"जिजाजी, पाय धरायले जवाईच सापडले काय त्याहीले?" ती म्हणाली. "तुमच्या पायानं भारत हरून राह्यला."

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. कबड्डीत गडी पाडायचा म्हणजे पाय पकडून आपटायचा. जावयाला सासुरवाडीच्या मातीत कोण आपटेल? त्याचे पाय धरायचे ते धुवायला. सगळ्या देशांना हे ठाऊक असतं. म्हणून मोहगुड्यात खेळ असले की प्रत्येक गाव संघ निवडताना गडी किती चपळ आहे ते बघत नाही, त्याची बायको मोहगुड्याची आहे का ते बघतं. जपानच्या संघात तर माझ्यासकट सगळेच जावई होते. मनकूभाऊ स्वतः बुधनीबाईंचे जावई. दहा वर्षांपूर्वी खेळ इथं झाले तेव्हा असंच झालं होतं, भारत शून्य.

गळ्यातली कडी मला एकदम टोचायला लागली. मी म्हटलं, शून्य तर शून्य, खेळ आहे. वैशाली म्हणाली, ते बुधनीबाईला सांगा.

बुधनीबाई मागच्या अंगणात भाताच्या तपेल्याशी बसल्या होत्या. मोहगुड्याचा रेला उचलून धरणारी, म्हणजे पुढं म्हणणारी, त्या गावात आता त्या एकट्या उरल्यात. बाकीच्या मागून म्हणतात, पण ओळ कोणती कुठं येते ते त्यांनाच माहीत. हे गाणं एरवीही होतं, लग्नात, पोळ्याला. पण खेळांच्या मैदानावर, दहा गावांची माणसं जमली असताना, मोहगुड्याचं गाणं झालं असं त्यांना आठवत नव्हतं, कारण मोहगुड्याचा हा रेला गावाच्या वेशीबाहेर म्हणत नाहीत, आणि गावात खेळ असले तरी जिंकल्याशिवाय म्हणायचा नाही. मी माफी मागायला गेलो होतो. बोललो मात्र भलतंच, की एवढं काय त्यात, पुढच्या खेपेला होईल.

त्यांनी तपेल्यावर झाकण ठेवलं.

"पुढची खेप दहा वरसानं," म्हणाल्या. "तवा मी कुठी राहीन, बापू?"

मी तिथंच ठरवलं की हे गाणं झालंच पाहिजे. उरला होता एकच खेळ, तिसऱ्या दिवशी दुपारी मानाची रस्सीखेच, यजमान विरुद्ध तोवर सगळ्यांत पुढे असलेला देश, म्हणजे भारत विरुद्ध जपान. मी बुधनीबाईंच्या जवळ सरकलो आणि हळूच माझा बेत सांगितला. दोराच्या सगळ्यात मागच्या टोकाला मी असणार, जाडा माणूस मागेच ठेवतात. ऐन वेळी मी हात सोडतो. कोणाला कळणार नाही.

बाईंचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा मी जिवंत मुंग्यांकडून चावून घेतलं असतं. दोर ढिला सोडून मिळालेलं गाणं म्हणजे भीक, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी थोडक्यात सांगितलं.

"तुमी दोर ढिल्ला सोडसान, त मी तोंड नाई उघडनार."

म्हणजे मला जीव लावून ओढायचं होतं, आणि हरायचं पण होतं. पुण्यात सोफ्यावर बसून मी कधी एवढा पेचात पडलो नाही. रात्री जेवण गेलं नाही, म्हणजे एकदाच भात घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैशाली नाश्ता करताना मला चिडवत होती. माझी चप्पल तिनं लपवली होती आणि अनवाणी हिंडायला लावलं होतं. मी वैतागून म्हणालो, की अख्खं गाव माझ्या पाया पडतं आणि तू चप्पल लपवतेस. अंगणात भांडी घासत बसलेल्या बुधनीबाईंनी मान वर केली. हात तसेच राखेनं भरलेले. त्यांनी वैशालीकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि उठून सरळ मोहाखाली अन्वरभाईंकडे गेल्या. मी मागोमाग गेलो. दोघांचं बोलणं मला नंतर वैशालीनं नीट सांगितलं. बाईंनी विचारलं, की रस्सीखेचेत गडी माणसंच पाहिजेत असं लिहिलंय का. अन्वरभाईंनी मशीनच्या खणातून गुरुजींच्या हातचा जुना कागद काढला, दोनदा वाचला. कागदात लिहिलं होतं, प्रत्येक बाजूस आठ जण. एवढंच.

जावयाचा मान गावानं राखायचा असतो, पण साळीनं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीनं नाही. साळीला सगळं माफ. तिनं जिजाजीच्या चपला लपवाव्यात, भातात खडा घालावा, रंग ओतावा, मातीत लोळवावं, त्याचा कोणी राग धरत नाही. उलट नाही केलं तर घरात काही बिनसलंय का असं लोक विचारतात. बुधनीबाई घरोघर गेल्या आणि जपानच्या आठ जावयांच्या धाकट्या साळ्या हुडकून काढल्या. कोणी लग्न न झालेली, कोणी माहेरी आलेली, एक तर त्याच सकाळी पाहुणी म्हणून पोचून इराणच्या पंगतीला बसायला निघालेली, तिला वाटेतच अडवून भारताच्या पंगतीत बसवलं. आठवी वैशाली. दुपारपर्यंत अन्वरभाईंनी आठ बनियनी आवळून दिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा बुधनीबाईंनी यजमानांचा नियम मोडला आणि त्या आठ जणींना पाहुण्यांच्या आधी जेवायला घातलं. इराणचे लोक थोडे रुसले.

दुपारी दोन वाजता बैलगाडीचा जाड नाडा मैदानात आडवा टाकला. भारताच्या बाजूला या आठ जणी पदर खोचून उभ्या राहिल्या. मनकूभाऊंनी तक्रार केली. अन्वरभाईंनी कागद दाखवला. मनकूभाऊंनी कागद उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले की पोरींसमोर हसू नका, हसलं की हात सुटतो.

शिट्टी झाली. मी खरोखर जीव लावून ओढलं, कारण मैदानाच्या कडेला बुधनीबाई माझ्या हातांकडे बघत उभ्या होत्या. पहिला डाव आम्ही जिंकलो. मला इतकं वाईट वाटलं की मी माझ्याच संघाला टाळी दिली नाही. दुसऱ्या डावाला पोरींनी जमिनीत टाचा रोवल्या. पाण्याचे हंडे, धानाच्या पेंढ्या, लाकडांचे भारे वाहणाऱ्या त्या बायका, त्यांना ओढायचं कसं ते कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या एका सुरात श्वास टाकत होत्या आणि मधेच एकेका जावयाला नावानं हाक मारून काहीतरी गोंडीत सांगत होत्या. आमच्या पुढचा गडी हसला, त्याच्या मागचा हसला, मनकूभाऊ ओरडले आणि स्वतःच हसले. दुसरा डाव भारताचा.

तिसऱ्याला कोणी हसलं नाही. नाडा ताणून राहिला, ना इकडे ना तिकडे. माझे तळहात सोलून निघाले. घाम डोळ्यांत गेला तरी मी हात सोडला नाही, हे मी इथं लेखी देतो. मग माझी टाच एका ढेकळावरून घसरली. मी पोटावर पडलो, नाडा तसाच धरून, आणि वैशालीनं मला आणि माझ्यापुढच्या सात जावयांना रेषेपलीकडे ओढून नेलं. तोंडात माती गेली. शिट्टी ऐकली. मी वर बघितलं तर अन्वरभाईंचा हात भारताच्या बाजूला वर होता.

यजमान भारत, एक सुवर्ण. शेवटून दुसरा क्रमांक, तोही नेपाळबरोबर विभागून, कारण नेपाळनं धनुष्य मिळवल्यापासून बाकी काहीच केलं नव्हतं आणि एका देशाला तेही जमलं नव्हतं.

बुधनीबाई मैदानाच्या मध्यात आल्या. मला वाटलं होतं जिंकल्याचं गाणं असेल, जोरात, ढोल वाजवत. त्यांनी हळू आवाजात सुरुवात केली. आठ पोरींनी हात गुंफले आणि गोल फिरू लागल्या. थोड्या वेळानं इराणच्या घोळक्यातून एक बाई उठली, कडेवरचं पोर नवऱ्याकडे दिलं आणि त्या गोलात शिरली. मग नेपाळकडून दोघी. मग जपानकडून मनकूभाऊंची बायको. मला काही कळेना. वैशाली गोलातून मला सांगायला ओरडली. हे गाणं म्हणजे गावाच्या लेकींची नावं. प्रत्येक ओळीत एक लेक आणि ती कुठं दिली ते गाव. नाव आलं की ती आत येते. सगळ्या गावांची माणसं एका मैदानात जमतात ती फक्त या खेळांना, म्हणून हे गाणं इथं व्हायला हवं होतं. नुसत्या मोहगुड्यात म्हटलं तर नावं येतात, लेकी येत नाहीत.

गोल वाढत गेला. दहाही रंगांच्या बनियनी त्यात मिसळल्या. पन्नाशीच्या बाया होत्या, मागच्या वर्षी लग्न झालेल्या होत्या. ज्या वारल्या त्यांचीही नावं येत होती, आणि जी आली नाही तिच्यासाठी दोघींच्या मधे एका माणसाएवढी जागा सोडत होत्या. आमच्या बाजूला जावई रांगेत पोरं सांभाळत उभे होते. मी रडत होतो. मातीमुळे नाही, खरंच रडत होतो.

शेवटी शेवटी मला एक नाव कळलं. मनीषा. आणि त्यापुढं, बाईंच्या उच्चारात, पुना. वैशालीनं गोलात आपला डावा हात सोडला आणि शेजारी एक जागा मोकळी ठेवली.

माझा फोन वैशालीच्या कपाटात होता. काहीच रेकॉर्ड झालं नाही. कोणी विचारेल म्हणून सांगतो.

परतीचा प्रवास तोच, तेच खड्डे, फक्त दोन्ही हातांना पट्ट्या. चंद्रपूरला सासूबाईंनी त्या पाहून हळद लावली. पुण्यात दारात मनीषानं पट्ट्या बघितल्या आणि काय पराक्रम केला ते विचारलं. मी पदक दाखवलं, कबड्डीचं, आणि ते कसं मिळालं तेही खरंखरं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग रस्सीखेच सांगितली, वैशालीनं मला कसं फरफटत नेलं ते दोनदा सांगायला लावलं. मग गाणं सांगितलं. तिचं नाव आलं तिथं आल्यावर ती हसायची थांबली.

"माझ्या जागी कोण उभं राहिलं?" तिनं विचारलं.

कोणी नाही, मी म्हटलं, वैशालीनं जागा तशीच ठेवली होती, गाणं संपेपर्यंत.

ती स्वयंपाकघरात गेली. मी वही उघडून बसलो, पण पदकतालिकेत लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात फोन होता. मोहगुड्याची पाळी आता परत कधी, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, दहा वर्षांनी.

"बुधनीबाई तोवर थांबणार आहेत का?" म्हणाली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आईच्या तब्येतीशिवाय दुसऱ्या कारणासाठी तिनं बहिणीला फोन लावला.